पोटात राहिलेले काडतूस

मित्रांनो, मी एक जुनी रायफल आहे, आणि तीही स्वस्तातली. हे आधीच सांगून टाकलेले बरे, म्हणजे पुढे माझ्याकडून कुणी थोर पराक्रमाची वाट बघणार नाही. माझा दस्ता साध्या बर्चच्या लाकडाचा आहे आणि त्याला अक्रोडाचा रंग फासलेला आहे. ज्यांना पहिलीच रायफल घ्यायची असते आणि ज्यांचा खिसा हलका असतो, अशांसाठी कारखान्यात माझ्यासारख्या हजारो जणी घडवल्या गेल्या.

माझी एक खोड तुम्ही समजून घ्या, कारण सगळी गोष्ट तिच्यावरच उभी आहे. माझ्या पोटाखाली दहा काडतुसांची छोटी डबी बसते. तिला मॅगझिन म्हणतात. नळीच्या मुळाशी एका काडतुसापुरते घर असते. उजवीकडचा बोल्ट मागे ओढला की घरातले काडतूस बाहेर उडते, आणि सोडला की डबीतले पुढचे काडतूस घरात जाऊन बसते. गोळी झाडली तरी हेच घडते, पण तेव्हा बोल्ट माझा मीच ओढते. म्हणून मला सेमी-ऑटोमॅटिक म्हणतात. मला रिकामे करायचे तर आधी डबी काढायची, मग बोल्ट ओढायचा, मग घरात डोकावून बघायचे. हा क्रम उलटा झाला की माणूस फसतो. एक काडतूस बाहेर पडलेले त्याला दिसते, त्याचे समाधान होते, आणि दुसरे तोवर गुपचूप आत जाऊन बसलेले असते.

नेब्रास्कातल्या प्लम फोर्क गावच्या लाइल हावरानेक यांनी मला एकतीस वर्षांपूर्वी कोरे करकरीत विकत घेतले. आठवडाभर ते काउंटीच्या कच्च्या रस्त्यांवर माती सपाट करणारे ग्रेडर यंत्र चालवत. शनिवारी अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये शिकारीचा परवाना हवा असणाऱ्यांचा वर्ग घेत. त्या वर्गात टेबलावर मी असे. अर्ध्या गावाने रायफल धरायला शिकताना पहिल्यांदा मलाच धरले आहे, त्यामुळे माझा थोडा रुबाब होता. लाइलना सगळे मास्तर म्हणत. त्यांचा पहिला धडा कधी बदलला नाही.

"बंदूक हातात आली की बोल्ट उघडून घरात स्वतः बघायचं. देणाऱ्यानं आत्ताच तुमच्यासमोर बघितलं असलं तरी. सख्ख्या बापानं दिली तरी. बघणं म्हणजे अविश्वास नव्हे."

पुढे मास्तरांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, बोटांची पेरे सुजली. नळीला तेल लागायचे तेही हळूहळू थांबले. एका शनिवारपासून दुसऱ्या शनिवारपर्यंत कपाटात माझ्या अंगावर धूळ बसू लागली. मला वाईट वाटे, पण मास्तर चष्मा हातात घेऊन घरभर चष्मा शोधताना दिसत, तेव्हा माझे दुःख मी गिळत असे.

ऑक्टोबरातल्या एका शुक्रवारी त्यांनी मला विकायचे ठरवले. आदल्या दिवशी त्यांनी परड्यातल्या खारींवर दोन गोळ्या झाडून बघितल्या होत्या. दोन्ही चुकल्या. म्हणून माझ्या डबीत अजून काडतुसे होती आणि नळीच्या घरातही एक होते. निघताना त्यांनी बोल्ट ओढला. काडतूस बाहेर उडून त्यांच्या बुटापाशी पडले. त्यांनी ते वाकून उचलले, खिशात टाकले, आणि मग डबी काढून घेतली.

क्रम उलटा झाला होता. दुसरे काडतूस माझ्या पोटात होते, आणि ते माझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हते.

व्हर्जिलचे हार्डवेअरचे दुकान गावाच्या चौकात आहे. खिळे, दोर, कोंबड्यांचे खाद्य, आणि मागच्या बाजूला बंदुकांचा काचेचा काउंटर. काउंटरच्या समोर प्लायवूडची आडभिंत, आणि तिच्यावर एका हरणाचे डोके टांगलेले. रायफल घ्यायला आलेला प्रत्येक माणूस ती खांद्याला लावून त्याच हरणावर नेम धरत असे. आडभिंतीच्या पलीकडे व्हर्जिलची बायको, ओपल, रंग ढवळायच्या यंत्रात डबे घुसळत उभी असे.

मास्तरांनी मला काउंटरवर ठेवले. व्हर्जिलचा हात सवयीने बोल्टकडे गेला. मग त्याने मास्तरांच्या तोंडाकडे बघितले आणि हात मागे घेतला. ज्यांनी आपल्याला बघायला शिकवले, त्यांच्यासमोर काय बघायचे, असे त्याला वाटले असावे. त्याने माझ्या गळ्यात एकशे वीस डॉलरची चिठ्ठी अडकवली आणि मला रांगेत उभे केले. मास्तर विक्रीच्या कागदांची वाट बघत कॉफीच्या किटलीजवळ बसले.

तेवढ्यात नेडीन आली. गावाबाहेर राहते, अंडी विकते. नवऱ्याच्या मागे दोन वर्षे एकटीने खुराडे सांभाळते आहे. त्या आठवड्यात रॅकूनने, म्हणजे रात्री खुराड्यात शिरणाऱ्या मांजराएवढ्या रानटी जनावराने, तिच्या चौदा कोंबड्या मारल्या होत्या.

"व्हर्जिल, दोनशे डॉलर आहेत," ती म्हणाली. "त्यात रायफल, काडतुसं आणि कर, सगळं बसलं पाहिजे."

"दोनशेत तुला रायफल हवीय की रायफलचं चित्र?"

"चित्र बघून रॅकून पळत असेल तर चित्र दे."

व्हर्जिलने आधी एक काळी, दणकट रायफल काढली. डबी काढली, बोल्ट उघडला, घर तिला दाखवले आणि तशीच उघडी तिच्या हातात दिली. "ही घे हप्त्यानं. टीव्हीत असते ना, तशी आहे."

"माझ्या खुराड्यावर काय फौज चालून येणार आहे? हिची गोळी कितीला पडते?"

"एक गोळी म्हणजे तुझी दोन अंडी धर."

"म्हणजे रॅकूनपेक्षा हीच जास्त अंडी खाणार. ठेव ती."

दुसरी नवी होती, माझ्याच जातीची बारीक गोळीची, प्लास्टिकच्या दस्त्याची. तीही व्हर्जिलने उघडून दाखवली. नेडीनने ती खांद्याला लावली, हलवली, नळीच्या टोकाचे नेम धरायचे बोंड नखाने दाबून बघितले. ते डुगडुगले. वर काडतुसे आणि कर धरून हिशोब दोनशेच्या पलीकडे जात होता. अंथरूण पाहून पाय पसरणारी बाई ती. तिने ती परत केली आणि रांगेकडे बघितले. माझ्याकडे.

"ती कोणाची?"

"माझी," मास्तर किटलीजवळून म्हणाले. "एकतीस वर्षांत एकदा दगा दिला नाही हिनं. चार गोळ्यांना तुझं एक अंडं जाईल, बस्स."

व्हर्जिलने मला उचलले आणि बंदच्या बंद तिच्या हातात दिले.

मित्रांनो, मला त्या क्षणी ओरडायचे होते. व्हर्जिल म्हणाला, "सुरक्षेचा खटका काढ आणि चाप ओढून बघ. लोण्यासारखा आहे." दुकानात सगळेच असे करतात. रिकाम्या रायफलचा चाप ओढला तर नुसते टक् वाजते. नेडीनने खटका काढला, मला खांद्याला लावले आणि हरणाच्या गळ्यावर नेम धरला. हरणामागे बोटभर जाडीचे प्लायवूड होते. त्यामागे यंत्राचा खडखडाट चालू होता आणि ओपल गुणगुणत होती. यंत्राचे बटण नेमके हरणाच्या गळ्यामागे आहे. दिवसभर ती तिथेच उभी असते.

नेडीनचे बोट चापावर आले. चापाने थोडी वाट दिली. माझा चाप खरेच हलका आहे. ज्या गुणाचे तीस वर्षे कौतुक ऐकले, त्याची मला त्या दिवशी शिसारी आली. आणखी एका नखाएवढे बोट मागे गेले असते तर पुढचे मला थांबवता आले नसते.

बोट थांबले. नेडीनने ते बाहेर काढले आणि खटका पुन्हा लावला.

"बाकीच्या दोन्ही तू मला उघडून दिल्यास," ती व्हर्जिलला म्हणाली. "ही बंद दिलीस."

"अगं, मास्तरांच्या हातून आलीय. त्यांच्यासमोर काय उघडून बघायचं?"

मास्तर उठून उभे राहिले. त्यांचे कान लाल झाले होते. "मी निघताना काडतूस काढलंय, नेडीन. या डोळ्यांनी बाहेर पडताना बघितलंय. हे बघ, खिशात आहे माझ्या."

"मास्तर, वर्गात मी एकदा न बघता बंदूक हातात घेतली होती. तुम्ही मला सगळ्यांसमोर दाराबाहेर उभं केलंत. बर्फ पडत होता. पुन्हा बाहेर उभं राहायची माझी तयारी नाही."

व्हर्जिल काउंटरवर उगाच फडके फिरवू लागला. एकतीस वर्षांत मास्तरांच्या शब्दावर कुणी बोट ठेवले नव्हते.

"बघ," ते शेवटी म्हणाले. आवाजात दुखावलेपण होते.

नेडीनने माझे तोंड दारापाशी ठेवलेल्या वाळूच्या बादलीकडे वळवले आणि बोल्ट ओढला. काडतूस उडाले, काचेवर टणकन पडले आणि घरंगळत मास्तरांच्या कॉफीच्या कपाला जाऊन टेकले.

कुणी हलले नाही. पलीकडे रंगाचे यंत्र थांबले आणि ओपल हात पुसत बाहेर आली. तिच्या अंगठ्याला निळा रंग लागला होता.

"एवढी शांतता का रे व्हर्जिल? कोणी गेलं की काय?"

मास्तरांनी काही लपवले नाही.

"ओपल, आत्ता माझ्यामुळं तू गेली असतीस."

ओपलने काडतुसाकडे बघितले, नेडीनच्या हातातल्या माझ्याकडे, हरणाकडे, आणि मग आडभिंतीकडे. "निळ्याला झाकण लावायचं राहिलंय," ती म्हणाली, पण जागची हलली नाही. व्हर्जिलने धावत जाऊन तिच्यासाठी स्टूल आणले.

"आधी बोल्ट ओढला मी," मास्तर पुटपुटले. "डबी नंतर काढली." नापास झालेल्या विद्यार्थ्यासारखे ते काचेकडे बघत होते. "हा प्रश्न मी तीस वर्षं परीक्षेत घालतोय."

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. पण मला मास्तरांचा राग आला नाही. मला व्हर्जिलचा राग आला. चूक म्हाताऱ्या बोटांची होती, पण व्हर्जिलची बोटे धडधाकट होती आणि त्याने ती आदराने मागे घेतली. असा आदर काय कामाचा?

नेडीनने मलाच घेतले. फॉर्म भरला, फोनवरून तिची सरकारी चौकशी झाली, काडतुसांची पेटी घेऊनही दोनशेतले थोडे उरले. मास्तरांनी पैसे न मोजता खिशात टाकले आणि काचेवरचे ते काडतूसही उचलले. "उद्या हिला हॉलवर घेऊन येशील?" एवढेच त्यांनी विचारले.

दुसऱ्या दिवशी वर्गात अकरा जण होते. मास्तरांनी ते काडतूस उंच धरले आणि काय घडले ते पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितले. स्वतःचे नाव कुठेही गाळले नाही. मागच्या बाकावर ओपल बसली होती. मग त्यांनी हॉलची किल्ली टेबलावर ठेवली. "पुढच्या शनिवारपासून नेडीन शिकवेल. माझे डोळे आता भरवशाचे नाहीत."

नेडीनने किल्लीला हात लावला नाही. तिने माझी डबी काढली, बोल्ट उघडला, घरात बघितले आणि मला मास्तरांपुढे धरले. "आधी तुम्ही बघा, मास्तर."

"मला दिसत नाही गं."

"मग बोट घाला."

मास्तरांनी करंगळी माझ्या घरात घातली आणि हळूहळू चाचपली. इतकी वर्षे ज्या हातांनी मला तेल लावले होते, त्यांचा तो स्पर्श मला अजून आठवतो. "रिकामं आहे," ते म्हणाले. मग त्यांनी मला परत दिले, आणि नेडीनने सर्वांदेखत पुन्हा बोल्ट ओढून घरात बघितले. मास्तरांच्या चेहऱ्यावर त्या दोन दिवसांतले पहिले हसू आले. त्यानंतर तिने किल्ली उचलली.

आता मी नेडीनच्या घरी कुलपाच्या कपाटात असते. दर रविवारी मला तेल मिळते. रॅकूनने खुराड्याची वाट सोडली आहे. व्हर्जिलच्या दुकानातले हरीण आता बाहेरच्या विटांच्या भिंतीवर टांगलेले आहे. मास्तर कधीमधी कॉफी प्यायला आणि कोलाची हा गोड पाव खायला येतात, माझ्या घरात करंगळी घालून बघतात, आणि ते गेले की नेडीन पुन्हा बघते. दोघांपैकी कुणीच रागावत नाही.

मित्रांनो, मला घासूनपुसून ठेवा, गंजू देऊ नका, हे तर मागणे आहेच. पण त्याहून मोठे मागणे असे, की माझ्याबद्दल कुणाचाही शब्द ऐकू नका, मग तो कितीही मोठा माणूस असो. मला उघडा आणि स्वतः बघा. माझ्या पोटात काय आहे ते मला नेहमीच ठाऊक असते. मला तोंडही आहे. पण त्या तोंडातून तुम्हाला सावध करणारा शब्द कधीच बाहेर पडत नाही.