वर अरुंद सिलिंडर

सासूबाईंनी कारखान्यात लेथ मशीनवर एकतीस वर्षं काढली होती. त्यांनी पाडलेलं भोक वरपासून खालपर्यंत तंतोतंत एका मापाचं असायचं, आणि त्याचा त्यांना गर्व होता. असणारच! अख्ख्या कारखान्यात त्यांच्या कामाला नाव ठेवायची कुणाची छाती नव्हती.

सून आली तीही याच वेडाची. मॉडेल विमानाचं मुठीत मावणारं इंजिन तिनं स्वतः आखलं आणि घरच्याच लेथवर घडवलं. उड्डाणाच्या आदल्या दिवशी सासूबाईंनी सहज पंखा फिरवून पाहिला, तर पिस्टन वर जाऊन अडकला. त्यांनी माप घेतलं. सिलिंडर वरच्या टोकाला दोन शतांश मिलिमीटरनं अरुंद! पोरीचा हात चुकला, उद्या चारचौघांत हसं होईल, म्हणून मायेपोटी त्यांनी तिला न सांगता तो घासून सरळ केला. त्या रात्री त्यांना छान झोप लागली.

मैदानावर इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. मिनिटभर जोरात चाललं, तापलं आणि धापा टाकत बंद पडलं. "होतं असं कधीकधी," मॉडेल विमानांच्या क्लबचे अध्यक्ष म्हणाले. त्यांचा सूरच असा होता की सुनेला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग तीन आठवडे ती स्वतःलाच बोल लावत राहिली. इंधन जिथं पेटतं ती हेडमधली पोकळी चुकली असेल म्हणून तिनं ती तीनदा नव्यानं कोरली. शेवटी सिलिंडरही दुसरा केला. सासूबाईंनी मापला. पुन्हा वर दोन शतांश कमी.

"हा वर अरुंद का गं?"

"मुद्दाम, आई. भडका वर उडतो ना, म्हणून वरची बाजू जास्त तापते, जास्त फुगते. थंड असताना अरुंद ठेवला, तरच चालताना सरळ होतो. नाहीतर तापल्यावर वर सैल पडतो आणि दाब निसटतो."

सासूबाईंना आपण घासलेला पहिला सिलिंडर आठवला. सांगायला तोंड उघडलं, पण एकतीस वर्षांचा ताठा आडवा आला.

या खेपेला इंजिन तापलं तसं जास्तच खुललं. विमान मैदानावर गिरक्या घेऊ लागलं. अध्यक्षांनी सासूबाईंपुढे हात जोडले. "वाटलंच! आज तुमचा हात फिरलेला दिसतोय."

गप्प राहिलं असतं तरी चाललं असतं. पण सुनेचं श्रेय आपल्या पदरात पडतंय हे काही त्यांना सोसवेना.

"माझा हात मागच्या वेळी फिरला होता," त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "तिचा बरोबर असलेला सिलिंडर मी घासून बिघडवला. आज मी हात लावला नाही, म्हणून उडतंय."

सुनेच्या हातात रिमोट होता, नजर आभाळात. तिला वळताही येईना.

"आई! आधी हे उतरवू द्या, मग भांडते तुमच्याशी."

"खुशाल भांड," सासूबाई म्हणाल्या. "पण एवढ्यात उतरवू नकोस. या सगळ्यांना नीट बघू दे."