सातव्या रेकॉर्डची दुसरी बाजू

सुमेधाच्या घरात उष्ट्याचा एक नियम होता. तिने तो कधी कुणाला बसवून सांगितला नव्हता, पण साताऱ्याच्या तिच्या आईच्या स्वयंपाकघरातून तो जसाच्या तसा जर्मनीत डार्मश्टाटच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात आला होता आणि चौदा वर्षं तिथे टिकला होता. आमटीची चव घ्यायची ती हातावर थेंब घेऊन, आणि चमचा तोंडाला लागलाच तर तो सरळ बेसिनमध्ये. नवऱ्याने, नागेशने, बाटलीला तोंड लावलं की ती बाटली त्या दिवसापुरती त्याची. ह्याला अपवाद एकच होता, तो म्हणजे लेक मुक्ता. सोळा वर्षांची झाली, मराठीला जर्मनमधून उत्तरं द्यायला लागली, तरी शाळेतून आल्याबरोबर आईच्या कपाच्या तळाशी राहिलेला चहाचा घोट पिऊन टाकण्याची तिची लहानपणची सवय गेली नव्हती. "अगं, दुसरा करून देते की," असं सुमेधा दर वेळी म्हणे, आणि दर वेळी मुद्दाम तेवढा घोट ठेवीही.

त्या वर्षी सप्टेंबरात तिला काम मिळालं. म्हणायला मिनिजॉबच, थोड्या तासांचं तुटपुंज्या पगाराचं काम, पण चौदा वर्षांतलं तिचं पहिलं. फ्राऊ, म्हणजे श्रीमती, ऑर्टेल ह्या ब्याऐंशी वर्षांच्या बाईंच्या घरी रोज चार तास जायचं होतं. ह्या बाईंनी आणि त्यांच्या नवऱ्याने, हार्टविगने, एकोणीसशे एकाहत्तर साली आपल्या घराच्या तळघरात एक छोटी रेकॉर्ड कंपनी काढली होती. तिचं नाव केलरलिष्ट, म्हणजे तळघरातला उजेड. अमेरिकेतून हिवाळ्यात दौऱ्यावर येणाऱ्या ब्लूज गायकांना, बहुतेक म्हाताऱ्या आणि आपल्या देशात विस्मरणात गेलेल्या काळ्या कलावंतांना, हे दोघं घरी ठेवून घेत, जेवूखाऊ घालत आणि तळघरात भिंतींना जुन्या गाद्या लावून त्यांची गाणी ध्वनिमुद्रित करीत. अशा त्रेचाळीस रेकॉर्ड निघाल्या. हार्टविग दोन वर्षांपूर्वी गेला, आणि आता गावातलं एक छोटं संग्रहालय ते सगळं सामान घेणार होतं. प्रत्येक रेकॉर्डच्या दोन्ही बाजू हेडफोन लावून पूर्ण ऐकायच्या, कुठे ओरखडा आहे, कुठे खोकला आहे, गाणं किती मिनिटांचं आहे, ते एकेका कार्डावर लिहायचं, एवढंच सुमेधाचं काम. नोव्हेंबरअखेर कार्डं नीट पुरी झाली तर जानेवारीपासून संग्रहालयातच अर्ध्या दिवसाची कायमची नोकरी देऊ, असं तिथल्या बाईंनी सांगितलं होतं. बारावीच्या शिक्षणावर आणि जेमतेम जर्मनवर ह्याहून जास्त काही मिळणार नाही हे सुमेधा जाणून होती. त्या नोकरीवर तिने फार जीव लावला होता.

"काय, आज किती माणसं रडली तुझ्या तळघरात?" नागेश संध्याकाळी विचारायचा.

"रडत नाहीत हो. सांगतात. नीट ऐकलं तर आपल्या जात्यावरच्या ओव्यांसारखंच असतं."

"आल्झो, म्हणजे आता तू मला ब्लूज शिकवणार," तो म्हणे, पण हसताना त्याला बायकोचं कौतुकही वाटत असे.

फ्राऊ ऑर्टेल स्वभावाने चांगल्या होत्या. बोलायला सुरुवात करण्याआधी त्या दर वेळी एक आवंढा गिळत. घशात काहीतरी ओलं, जाडसर अडकलेलं असावं आणि ते खाली ढकलल्याशिवाय शब्द निघू नये, तसा तो आवाज येई. पहिल्या दिवशी सुमेधाच्या अंगावर शहारा आला होता, मग वय झालंय बिचारीचं, असं म्हणून तिने तो सोडून दिला. दुसरी गोष्ट सोडून देणं जास्त कठीण होतं. लढाईनंतरच्या उपासमारीत वाढलेल्या त्या बाईंना काही टाकवत नसे. सुमेधाने अर्धी ठेवलेली कॉफी त्या उभ्याउभ्या पिऊन टाकत. ऑक्टोबरात एकदा त्यांनी सुमेधासाठी मुद्दाम सॉसेज न घालता मसुराचं सूप केलं. पळीने थोडं घेतलं, ओठांनी ओढलं, पळीची कड जिभेने पुसून घेतली आणि तीच पळी पुन्हा पातेल्यात बुडवून ढवळलं. मग त्याच पळीने सुमेधाची वाटी काठोकाठ भरली आणि समोर बसून, हातावर हनुवटी टेकून, ती खाण्याची वाट बघू लागल्या.

सुमेधाने खाल्लं. म्हाताऱ्या माणसाने मायेने केलेलं, नाही कसं म्हणायचं. प्रत्येक घास तिने जिभेला न लागू देता गिळायचा प्रयत्न केला, आणि सूप कोमट, दाट असल्यामुळे ते काही जमलं नाही. घरी येऊन तिने मिठाच्या पाण्याच्या गुळण्या केल्या, दात घासले, पुन्हा गुळण्या केल्या.

दुसऱ्या दिवशी सातवी रेकॉर्ड आली.

कव्हरवर एक उंच, सडपातळ म्हातारा होता, एझ्रा टॉलिव्हर. माउथ ऑर्गन वाजवणारा. केलरलिष्टची सगळ्यात नावाजलेली रेकॉर्ड हीच. हार्टविगच्या वहीप्रमाणे तो तीन फेब्रुवारी एकोणीसशे चौऱ्याहत्तरला डार्मश्टाटला आला आणि अकरा तारखेला वरच्या पाहुण्यांच्या खोलीत झोपेत गेला. पहिली बाजू सुमेधाने डोळे मिटून ऐकली. तो माणूस वाजवताना श्वास आत घ्यायचा तेव्हासुद्धा सूर निघत होता, हुंदका आत ओढावा तसा. कार्डावर तिने लिहिलं, ओरखडा नाही, खोकला नाही. मग बाजू उलटली.

दुसऱ्या बाजूच्या पहिल्या गाण्याआधी, सुई टेकल्यावरच्या त्या बारीक खरखरीत, कुणीतरी आवंढा गिळला.

हेडफोनमुळे तो आवाज तिच्या कानात झाला. दुसऱ्या गाण्याआधी पुन्हा तेच, तिसऱ्याआधी पुन्हा. वाजवणंही तसंच होतं, तोच सूर, तोच आत ओढलेला हुंदका. फक्त प्रत्येक वेळी आधी ते ओलं, जाड गिळणं. सुमेधाने हेडफोन काढून कान रुमालाने पुसले.

एझ्रा टॉलिव्हरच्या रेकॉर्ड एवढ्यावर संपल्या नव्हत्या. नव्याने सापडलेल्या टेप म्हणून केलरलिष्टने त्याच्या आणखी आठ रेकॉर्ड काढल्या होत्या, शेवटची दोन हजार नऊ साली. पुढचा आठवडाभर तिने त्या एकेक करून ऐकल्या. सगळ्यांवर, प्रत्येक गाण्याआधी, तो आवंढा होता. नऊ दिवसांत एका आजारी म्हाताऱ्याने इतकं वाजवलं कधी, हा प्रश्न कार्डावर कुठे लिहायचा ते तिला कळेना. एझ्राच्या घरच्यांचं एक पत्र फाइलमध्ये होतं, कुणा बहिणीचं, वळणदार अक्षरातलं. माझा भाऊ शेवटी काय वाजवत होता ते मला कळवाल का, असं तिने विचारलं होतं. त्या पत्राला उत्तर दिल्याची नोंद नव्हती. ते वाचल्यावर सुमेधाला जी किळस आली ती सुपाच्या वेळेपेक्षा वेगळी होती, पोटातून न येता आणखी खालून कुठून तरी आलेली, आणि मिठाच्या पाण्याने ती जाण्यासारखी नव्हती.

काचेच्या कपाटात मखमलीच्या डबीत एझ्राचा माउथ ऑर्गन होता. संग्रहालयाला सगळ्यात जास्त हवी असलेली वस्तू तीच. सुमेधाने तो पुसायला घेतला आणि पटकन खाली ठेवला. तो ओला होता. वरची पितळ कोरडी, पण तोंड लावायची लाकडी कड, ती बारीक बारीक चौकोनी भोकं, आत्ताच कुणी ओठांतून काढावीत तशी ओली आणि किंचित कोमट होती. तिने कड कोरडी केली, डबी बंद केली, कपाटाला किल्ली लावून किल्ली आपल्या पर्समध्ये ठेवली. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा ओला होता.

तिसऱ्या दिवशी फ्राऊ ऑर्टेल दुपारच्या पडल्या होत्या तेव्हा सुमेधाने जे केलं ते तिच्या घरच्या कुठल्याही बाईने केलं असतं. कोमट पाण्यात सोडा घालून तिने तो माउथ ऑर्गन दहा मिनिटं बुडवून ठेवला, जुन्या ब्रशने भोकं घासली आणि धुतलेल्या फडक्यावर खिडकीत पालथा घातला. पाण्यावर पिवळट तवंग आला होता. ते बेसिनमध्ये ओतताना तिने मान फिरवली, तरी एक थेंब उडून तिच्या ओठाला लागलाच. तासाभराने बघते तर लाकूड फुगून पितळेच्या बाहेर आलं होतं आणि एक पट्टी उचकटली होती.

पन्नास वर्षं जपलेली वस्तू, आणि आपली नोकरी, दोन्ही आपण एका सोड्याच्या पाण्यात घालवलं. लपवायचं तिच्या मनातसुद्धा आलं नाही. फ्राऊ ऑर्टेल उठून स्वयंपाकघरात आल्या तशी ती फडकं पुढे करून उभी राहिली. बोलायला तोंड उघडलं, आणि त्याआधी तिने आवंढा गिळला. ओला, जाडसर. तो आवाज तिला स्वतःच्याच डोक्यात ऐकू आला.

"फ्राऊ ऑर्टेल, माझ्याकडून चूक झाली. मी हे धुतलं."

फ्राऊ ऑर्टेलनी माउथ ऑर्गनकडे फारसं पाहिलंच नाही. त्या सुमेधाच्या गळ्याकडे पाहत होत्या.

"हो, हो," त्या म्हणाल्या. "जुनं लाकूड आहे, फुगलं असेल दमट हवेने. संग्रहालयाला मी सांगेन तसं. तुमच्या कामाला धक्का लागणार नाही, फ्राऊ दिवेकर. बसा."

सुमेधा बसली. म्हातारीचा आवाज आज पाण्यासारखा स्वच्छ येत होता.

"एकच बाजू झाली होती," त्या सांगू लागल्या. "सकाळी मी कॉफी घेऊन वर गेले तर तो गेलेला. हातात हा. तोंडाशी धरलेला. हार्टविग म्हणाला, गिझेला, छपाईची वेळ ठरली आहे, कव्हर तयार आहे. मला आयुष्यात एक सूर वाजवता येत नव्हता. मी त्याच्या हातातून हा घेतला, तर ओला होता. पुसायला फडकं शोधायला लागले, तर हार्टविग म्हणाला, पुसू नकोस, तसाच तोंडाला लाव."

"आणि त्यांची बहीण?" सुमेधाने विचारलं. त्याआधी पुन्हा गिळावं लागलं.

"काय लिहिणार होतो आम्ही तिला?" फ्राऊ ऑर्टेल म्हणाल्या. मग त्यांनी तो फुगलेला माउथ ऑर्गन उचलून कोरड्या, सैल हाताने डबीत टाकला. "ह्याची काळजी करू नका. ह्याच्यात आता काही नाही."

त्या दिवसापासून सुमेधाने आपलं ताट आणि कप वेगळा केला. स्टीलचं एक ताट, एक वाटी आणि निळ्या काठाचा कप, धुवून बाल्कनीतल्या टेबलावर पालथे ठेवलेले. सर्दी झाली आहे, असं तिने सांगितलं. बोलताना आवंढा येई म्हणून ती बोलेनाशीच झाली. एके दिवशी भांडी घासताना तिच्या नकळत ती श्वास आत ओढून एक सूर काढत होती. मुक्ताने खोलीतून बाहेर येऊन "वास वार दस?" असं विचारलं, म्हणजे हा आवाज कसला. सुमेधाने नळ मोठा सोडला. हळदीच्या गुळण्या झाल्या, कडुलिंबाच्या गोळ्या झाल्या, डॉक्टरने घशात बॅटरी मारून सगळं ठीक असल्याचं सांगितलं. मुक्ता सवयीने तिच्या ताटाकडे हात नेई तेव्हा सुमेधा ते ओढून घेई, आणि मुलीच्या चेहऱ्यावर काय उमटतं ते बघायचं टाळे. एवढी एकच गोष्ट तिने मनाशी धरली होती. हे जे काही आहे ते माझ्यापाशीच राहील. ह्या घरात दुसऱ्या कुणाच्या तोंडी लागणार नाही.

नोव्हेंबरच्या शेवटच्या शुक्रवारी संग्रहालयाचं पत्र आलं. दुपारचे चार वाजले होते, नागेश लवकर घरी आला होता आणि त्याने पत्र मोठ्याने वाचून दाखवलं.

"कायमची नोकरी. आता आमच्या घरी तळघराच्या मॅडम."

सुमेधा किती दिवसांनी हसली. साताऱ्याला आईला कळवायचं म्हणून तिने फोन उचलला, बोलत बोलत खिडकीशी गेली, आणि दर वाक्याआधीच्या आवंढ्याने आईला नीट ऐकू जात नव्हतं म्हणून तेच तेच सांगत राहिली. "अगं हो, सरकारीच म्हण. हो, पेन्शनचं माहीत नाही." निळ्या काठाचा कप टेबलावर राहिला होता. त्यात तळाशी, जुन्या सवयीने, एक घोट उरला होता.

ती वळली तेव्हा मुक्ता दप्तर खांद्यावर तसंच ठेवून उभी होती आणि तिच्या हातात तो कप होता. रिकामा. तिने तो आईकडे बघत, थोडं हट्टाने, थोडं लाडाने, खाली ठेवला.

"मुक्ता," सुमेधा म्हणाली.

मुक्ताने उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि आवंढा गिळला.

फोनमधून आई म्हणत होती, अगं आता आवाज किती छान मोकळा येतोय तुझा, सर्दी गेली वाटतं. आणि खरंच, महिन्याभरात पहिल्यांदाच सुमेधाचा गळा अगदी कोरडा होता.