निळ्या फुलापाशी घेतलेलं नाव

मित्रांनो, मी एक जुना कंद आहे. माझ्या लांब हिरव्या पानांमधून उन्हाळ्यात एक उंच दांडा वर येतो आणि त्याच्या टोकाला निळ्या फुलांचा गोल झुबका उमलतो. गोरे लोक मला अगापांथस म्हणतात. मजुरांच्या बायका नुसतं 'निळा फूल' म्हणतात, आणि खरं सांगायचं तर मला तेच जास्त आवडतं.

माझा जन्म इथला नाही. अठराशे सेहेचाळीस साली केपच्या किनाऱ्यावरून मला गोणपाटात गुंडाळून जहाजात घातलं. कित्येक दिवस मी अंधारात सुकत पडलो होतो. मॉरिशस बेटावर उतरल्यावर ग्रां बुआ नावाच्या गावाकडच्या एका ऊसमळ्याच्या मालकिणीनं मला आपल्या बागेत लावलं. बाग कसली, ती पाणथळच होती. मधोमध तळं, भोवती लव्हाळे, कडेला अळूचं रान आणि दिवसभर पाणकोंबड्यांची लगबग. माझी मुळं फार पाण्यात कुजतात, म्हणून तिनं मला काठाच्या उंचवट्यावर जागा दिली. तीन-चार वर्षांनी ती आम्हांला उकरायची, सुटं करायची आणि पुन्हा लावायची. असं करत करत सगळा काठ निळा झाला. मी फार फुशारलो होतो, हे कबूल करतो. पुढे जे घडलं त्यात माझ्या त्या मिरवण्याचाही वाटा आहे.

वर्षातून एकदाच, नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी, मजुरांना बागेत यायची मुभा असे. इकडे तेव्हा ऐन उन्हाळा असतो. अठराशे सहासष्टच्या त्या दिवशी कुंती आली. रत्नागिरीकडून मळ्यावर आलेल्या मजुराची ही बायको, वीस-बावीस वर्षांची. नवरा तापातून नुकताच उठला होता. तान्ही लेक त्याच्यापाशी ठेवून ती शेजारच्या देवकीबरोबर अळूची पानं खुडायला आली होती.

पानं खुडून झाली आणि तिची नजर माझ्यावर पडली. ती जवळ येऊन उकिडवी बसली.

"आई गे, केवढा निळा!" ती म्हणाली. "घरात जाऊन सांगितला तर त्यांना खरा नाय वाटायचा."

तिनं मला तोडलं नाही. नवऱ्याला सगळं नीट सांगता यावं म्हणून ती एकेक पाकळी न्याहाळत राहिली. फाटक बंद व्हायची घंटा झाली. बायका निघाल्या. देवकीनं हाक मारली, तर ही म्हणाली, "तुमी व्हा पुढं, मी आल्येच." पण तिचा पाय निघेना. मीही वाऱ्यावर मुद्दाम डुललो. मला वाटलं, पाहू दे आणखी थोडं.

माझ्यापासून चार पावलांवरच्या फाटकाशी सरदारानं तिला अडवलं. मजुरांवर देखरेख करणारा हा सरदार बिहारकडचा, त्याच हंगामात आलेला. तिला तो ओळखत नव्हता. दुसऱ्या मळ्यावरून पळून आलेली बाई असावी, असं त्याला वाटलं. तिची ओळख पटवणारा कागद नवऱ्याकडे होता. सरदाराच्या हातात मळ्याची यादी होती, पण तीत बायका नवऱ्याच्या नावाखाली लिहिलेल्या.

"तोहार मरद के नाम का ह?" त्यानं विचारलं.

प्रश्न तिला समजला. तिनं मान खाली घातली.

मित्रांनो, तिच्या गावी बायको नवऱ्याचं नाव घेत नसे. घेतलं तर त्याचं आयुष्य कमी होतं, हे तिच्या मनात लहानपणापासून भिनलेलं. त्यातून घरी तो तापानं निम्मा झालेला.

"आमच्या घरातले," ती म्हणाली. "पोरीचा बापूस. कपाळावर वण हाय त्यांच्या."

सरदार आधी हसला, मग चिडला. नाव लपवते म्हणजे हिच्या मनात खोट आहे, अशी त्याची खात्रीच झाली. नाव सांग, नाहीतर सकाळच्या गाडीनं पोलिसांकडे, असं त्यानं बजावलं. कुंती गुळणी धरून उभी राहिली. तिचा पदर दुधानं भिजला होता. घरी लेक भुकेनं रडत असणार. एकीकडे लेकीची भूक आणि दुसरीकडे त्याचं आयुष्य. माझा जीव तुटत होता, पण कंदाला कुठला आवाज?

अवजारांच्या खोपटात तिला कोंडायला निघाले, तोच देवकी रडती पोर कडेवर घेऊन धापा टाकत आली. तिनं नाव सांगून टाकलं, पण सरदाराचा आता कोणावरच विश्वास नव्हता.

"ना. इहे बोली," कुंतीकडे बोट दाखवून तो म्हणाला. हिच्याच तोंडून ऐकायचं होतं त्याला.

देवकी तिच्या कानाशी लागली. "अगो, उखाण्यात घे. उखाण्यात घेतला तर दोष नाय."

कुंतीनं माझ्याकडे पाहिलं. मग पदर सावरून तिनं उखाणा घेतला.

"तळ्याकाठी निळा फूल, पान त्याचा लांब,
रावजींचा नाव घेत्ये, सरदारा, वाईच थांब."

सरदाराला त्यातलं नाव तेवढं कळलं. यादीत बोट फिरवल्यावर रावजी सापडला आणि फाटक उघडलं. चुकलं, असं कोणी म्हणालं नाही. कुंतीनं तिथेच कुंपणाआड बसून लेकीला पाजलं.

"देवके, नक्की दोष नाय ना?" तिनं विचारलं.

"नाय गो," देवकी म्हणाली, पण जरा थांबून म्हणाली.

त्यानंतर बेटावर तापाची मोठी साथ आली. माणसं पटापट गेली. ताप पाणथळीतूनच उठतो, असं लोक म्हणू लागले. मालकीण मुलांना घेऊन उंचावरच्या थंड भागात राहायला गेली आणि परतलीच नाही. तेव्हापासून आम्हांला कोणी उकरलं नाही. कंदात कंद दाटले, फुलं लहान झाली, फाटक मोडून पडलं. आता ही पाणथळ बुजवणार आहेत, असं ऐकतो.

गेल्या जानेवारीत त्या मोडक्या फाटकातून कुंती आली. लेक तिचं बोट धरून चालत होती. कुंतीच्या कपाळावर कुंकू नव्हतं.

ती माझ्यासमोर तशीच उकिडवी बसली. "ह्या बघ निळा फूल," लेकीला म्हणाली. "हितं मी तुझ्या बापसाचा नाव घेतला व्हता."

मग तिनं ते नाव पुन्हा घेतलं, उखाण्याशिवाय.

"रावजी."

लेक तिच्या तोंडाकडे पाहत राहिली. कुंतीनं आणखी मोठ्यानं हाक मारली, "रावजी!" आणि पाण्याकडे पाहत म्हणाली, "आता काय कमी व्हयाचा ऱ्हायलाय?"

जाताना तिनं काठीनं उकरून माझा एक तुकडा पदरात घेतला.

मित्रांनो, रावजी साथीच्या तापानं गेला. गावोगावची माणसं त्याच तापानं गेली. हे मला ठाऊक आहे, पण तिला ते कधी पटेल का, हे मी सांगू शकत नाही. मला बुजवायचं तर बुजवा. माझा एक तुकडा तिच्या दारात रुजला असेल. पण तुमच्या फाटकाशी कधी कोणी मान खाली घालून गप्प उभं राहिलं, तर त्याला चोर ठरवण्याआधी वाईच थांबा.