नागोरावांची रिकामी मेल

कसबा पेठेतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये संगणकाचं सगळं काम श्यामला अकरा वर्षं एकटीच पाहत होती. तपासणीचे अहवाल पेशंटना आपोआप ईमेलने जावेत म्हणून सर्व्हरवर चालणारा छोटासा प्रोग्राम तिनेच लिहिला होता. दर अर्ध्या तासाने तो तयार अहवाल उचलायचा, ज्याचा त्याच्या मेलला जोडायचा आणि पाठवून द्यायचा. "बाईंच्या प्रोग्रामला चहाही लागत नाही आणि रजाही," लॅबचे डॉक्टर म्हणायचे. त्यांच्या तोंडून याहून मोठं कौतुक कधी कुणी ऐकलं नव्हतं.

ऑक्टोबरमधल्या एका सकाळी एक तरुण मुलगी काउंटरवर आली.

"मी उत्कर्षा. कात्रजहून आले. मे महिन्यात बाबांच्या घशातल्या गाठीचा तुकडा इथे तपासायला दिला होता. त्याचा रिपोर्ट हवाय. नवे डॉक्टर मागतायत."

"मेल केला असेल की. नीट शोधलात का?" श्यामला सवयीने म्हणाली.

"मेल आहे. रिपोर्ट नाही."

श्यामलाने तिला बसवलं आणि नोंदी उघडल्या. नागोराव, अठरा मे, मेल गेली. मग तिने ती गेलेली मेलच उघडली. 'आपला अहवाल सोबत जोडला आहे' एवढं एकच वाक्य होतं, आणि सोबत काहीही नव्हतं. मूळ अहवाल लॅबच्या संगणकात पडून होता. तिने तो शेवटपर्यंत वाचला. गाठ कॅन्सरची होती.

काय झालं ते तिला दहा मिनिटांत कळलं. त्या आठवड्यात काउंटरवरच्या नव्या माणसाने काही फाइलींना मराठीत नावं दिली होती आणि ती नावं प्रोग्रामला वाचता आली नव्हती. खरं तर तिथे प्रोग्रामने थांबायला हवं होतं. पण त्याआधी एकदा एका हरवलेल्या फाइलीपायी सगळ्यांच्याच मेल अडकल्या होत्या, डॉक्टर ओरडले होते, आणि तिने घाईघाईत एक ओळ घातली होती: फाइल मिळाली नाही तरी मेल पाठव. नंतर नीट करू म्हणून ती ओळ तशीच राहिली. मे महिन्यात अशा नऊ मेल रिकाम्या गेल्या. आठ जणांनी फोन केले, काउंटरवरून त्यांना छापील प्रती मिळाल्या. श्यामलाला कुणी काही कळवलं नाही. नववे नागोराव.

ती डॉक्टरांच्या खोलीत गेली.

"स्पॅममध्ये गेली असेल म्हणावं," डॉक्टर म्हणाले. "प्रत द्या आणि विषय मिटवा."

"स्पॅममध्ये नाही गेली, डॉक्टर. रिकामी गेली. माझ्या चुकीने."

"बाई, सत्याचे प्रयोग घरी करा."

श्यामला बाहेर आली. उत्कर्षाच्या हातात प्रत दिली आणि सगळं सांगून टाकलं. मुलीने कागदावरची तारीख वाचली.

"म्हणजे हे मेमध्येच माहीत होतं?"

"हो."

"कुणाला?"

श्यामलाने तिच्याकडून घरचा पत्ता लिहून घेतला.

रविवारी ती स्वारगेटहून बस पकडून कात्रजला गेली. नागोराव वाशीमकडचे, कारखान्यातल्या कामासाठी वीस वर्षांपूर्वी पुण्यात आलेले. खाटेवर बसले होते. आवाज पार बसला होता, शब्द जेमतेम ऐकू येत होते.

"माफी मागायला आलेय," ती म्हणाली. "पण तुम्ही फोन का नाही हो केलात?"

"मेल उघडली, तं आत काहीच नाही," ते थांबत थांबत म्हणाले. "मले वाटलं, काही निघालंच नाही, तं जोडतीन काय? घरी सांगितलं, रिपोर्टात काही नाही. त्या दिवशी पोरीनं शिरा केला होता." मग तिच्याकडे पाहून त्यांनी हात हलवला. "तुम्ही रडू नका, बाई. मीच इचारायले पाहिजे होतं."

ते रागावून बोलले असते तर बरं झालं असतं, असं तिला परतताना सारखं वाटत राहिलं.

नागोराव जानेवारीत गेले. मेमध्ये कळलं असतं तर कदाचित एका शस्त्रक्रियेत भागलं असतं, असं नव्या डॉक्टरांनी उत्कर्षाला सांगितलं होतं. तिने लॅबविरुद्ध तक्रार केली. श्यामलाने घडलेलं सगळं स्वतःच्या सहीने लिहून काढलं, मेलच्या नोंदी जोडल्या आणि तिला घरी बोलावून ते कागद दिले.

उत्कर्षाने उभ्यानेच वाचलं. "तुमची नोकरी जाईल."

"गेली. सोमवारी डॉक्टरांना हे दाखवलं तेव्हाच."

"बाबा तुमच्यावर चिडले नाहीत. मी चिडलेय. आणि हा राग जाईल असं मला वाटत नाही."

"जाऊ नये," श्यामला म्हणाली.

उत्कर्षाने कागद पिशवीत घातले आणि ती जिना उतरून गेली. अठरा मे ते ऑक्टोबरची ती सकाळ, मधले एकवीस आठवडे. दार लावताना श्यामलाने ते आठवडे पुन्हा मोजले.