दोन्ही हात मोकळे

मी फोनचं स्टँड बोलतोय. हसू नका! दुकानात काचेआड चमकणारं, गुळगुळीत डब्यातून निघणारं स्टँड मी नव्हे. मी घरी बनलोय, एका रणरणत्या दुपारी, ओट्याच्या दगडावर हातोडीचे घाव खाऊन. माझी एक कड वाकडी आहे, अंगावर जुन्या रंगाचे पोपडे आहेत. पण माझ्यासमोर जे घडलं ते आठवलं की आजही माझा पत्रा झणझणतो!

आधी मी कूलरचा पत्रा होतो. चांदूर बाजारच्या नत्थुजींच्या घरचा तो जुना लोखंडी कूलर, त्याची मी डावी बाजू. अंगभर उभ्या फटी, त्यातून वारा आत जायचा. आमच्याकडचा उन्हाळा म्हणजे काय ते मी तुम्हाला सांगायला नको. वाळ्याची ताटी पाठीला बांधून मी कितीतरी मे महिने काढले. मग पाणी साचून कूलरचा तळ सडला, पंप बंद पडला, आणि मला सोडवून गोठ्याच्या भिंतीला टेकवून ठेवलं. माझ्यावर झेंडूची फुलं वाळत, कोंबड्या मागे दडत. वाटलं, संपलं आपलं.

नत्थुजींचं घर फुलं आणि भाजीपाल्याचं. पहाटे तोडणी, उजाडल्यावर बाजार. घरात नत्थुजी, त्यांची बायको पार्वताबाई आणि लेक आकांक्षा. आकांक्षाला जन्मापासून ऐकू येत नाही. अमरावतीच्या मूकबधिर शाळेत, तिथल्याच वसतिगृहात राहून ती शिकली. हातांची भाषा तिथं शिकली, शिवणकाम तिथं शिकली आणि मशीन घेऊन घरी आली. तिच्याकडून ब्लाउज शिवून घ्यायला लांबलांबून बाया यायच्या.

पण घरी तिची भाषा कोणाला येत होती? पार्वताबाईंना कामापुरत्या खुणा येत. जेव, ये, पाणी आण, कोणीतरी आलंय. नत्थुजींना तर तेवढंही नाही. त्यांना काही सांगायचं झालं की ते पार्वताबाईंना सांगत आणि पार्वताबाई लेकीला. मायाळू बाप, पण लेकीशी बोलायचं तर मधे माणूस लागायचा.

आकांक्षा पोटभर बोलायची ती फोनवर, व्हिडिओ कॉल लावून, वसतिगृहातल्या मैत्रिणींशी. मात्र फोन जुना. चार्जर लावल्याशिवाय कॉल टिकायचा नाही आणि चार्जरची वायर आखूड. म्हणून बिचारी भिंतीला चिकटून उभी राहायची. डाव्या हातात फोन, उजव्या हातानं बोलणं. ज्यांची भाषाच दोन हातांची, त्यांनी एका हातानं बोलायचं म्हणजे तुम्ही तोंडात घास धरून बोलावं तसं. अर्धं समजतं, अर्धं राहतं.

एक दिवस अकोल्याहून तिची मावशी, कौशल्या, आली ती स्थळ घेऊनच.

“पोरगा तिच्यासारखाच हाय, आयकू येत नाई. गजेंद्र नाव. कपाटाच्या कारखान्यात काम करते. माणसं साधी हायेत. रविवारी पाहाले येतो म्हन्तेत.”

“येऊ दे,” नत्थुजी म्हणाले. “चहा-पोहे करू. पोरगी दाखवू.”

पार्वताबाईंनी खुणा करून लेकीला सांगितलं. आकांक्षाचा चेहरा एकदम कडक झाला. याआधी एक स्थळ येऊन गेलं होतं. ती ट्रे घेऊन गेली, बसली, आणि सगळे तिच्या डोक्यावरून बोलत राहिले. कोणाचे ओठ हलतात, कोण हसतंय, एवढंच तिला दिसत होतं. ते जमलं नाही हे तिला कळलं, ते कशावरून मोडलं हे कधीच कळलं नाही.

तिनं नकाराची मान हलवली. आधी स्वतःकडे बोट केलं, मग फोनकडे, मग दोन्ही हातांनी भराभर काहीतरी म्हणाली.

“काय म्हन्ते?” नत्थुजींनी विचारलं.

“म्हन्ते, आधी मी बोलीन त्याच्याशी. मंग त्याहिनं यावं.”

“अवो, असं कुठी अस्ते काय?”

“काहून नसावं?” कौशल्या मधेच म्हणाली. “लगन तिलेच करा लागते ना? मी सांगतो त्याहिले. उद्या संध्याकाळी लावा फोन.”

उद्या! आकांक्षा त्या रात्री झोपली की नाही मला ठाऊक नाही, पण दुसऱ्या दिवशी जेवणं आटोपताच ती गोठ्यात आली. इकडे तिकडे पाहू लागली. विळे, खुरपी, तुटकी बादली, सगळं उचलून पाहिलं. मग तिची नजर माझ्यावर थांबली. तिनं मला बोटांनी वाजवून पाहिलं. आवाज तिला येणार नव्हता, थरथर मात्र बोटांना कळली असावी. ती हसली, आणि मी मनात म्हटलं, गड्या, आता काहीतरी होणार!

आधी तिनं जुन्या कॅलेंडरच्या कागदावर माझा नमुना काढला. अगदी ब्लाउज बेतावा तसा! टेपनं फोनची उंची घेतली, रुंदी घेतली, कागद कापला, दुमडून उभा करून पाहिला. मग शिंप्याच्या खडूनं माझ्या अंगावर रेघा ओढल्या. पत्रा कापायची कात्री शेजारून मागून आणली होती. कापड सर्रकन कापणारे ते हात, पण पत्रा कुठला ऐकतोय! ती दात-ओठ खाऊन कात्री दाबत होती. एकदा माझीच धार तिच्या बोटाला लागली. तिनं बोट तोंडात घातलं, चिंधी बांधली आणि पुन्हा कात्री धरली. असा राग आला मला माझ्या धारेचा!

मग हातोडी. ओट्याच्या दगडी काठावर मला धरून तिनं घाव घातला. ठण्ण! ठण्ण! तिला काय, तिच्या लेखी सगळं शांत होतं. आत खाटेवर लवंडलेले नत्थुजी मात्र ताडकन उठले.

“अवो, भूकंप झाला काय?”

“पोरगी कूलरचा पत्रा ठोकून राह्यली,” पार्वताबाई म्हणाल्या.

“घ्या आता! तो पत्रा म्या खताच्या खड्ड्यावर झाकाले ठेवला होता!”

“झाका मंग दुसऱ्यानं. तिच्या आड जाऊ नका.”

वाकवून झाल्यावर तिनं माझ्यावर फोन ठेवला. मी तोंडावर पडलो. फोन चिंध्यांच्या गाठोड्यावर पडला म्हणून वाचला. तिनं माझी पाठ थोडी मागे कलवली. आता मी उताणा पडलो! तेव्हा तिनं घरातलं जुनं अर्ध्या किलोचं लोखंडी वजन आणलं. नवा काटा आल्यापासून ते दाराला अडवण म्हणून पडलं होतं. माझ्या पायाचा पत्रा दुमडून तिनं त्याचा खिसा केला आणि वजन आत बसवलं. आता ढकलून दाखवा मला!

एक पंचाईत उरली. चार्जरची पिन फोनच्या खालच्या बाजूला. फोन माझ्या ओठावर, म्हणजे पुढच्या वळवलेल्या कडेवर, टेकला की पिनेला जागाच राहत नव्हती. आकांक्षा मला हातात घेऊन बराच वेळ फिरवत राहिली. मग तिचे डोळे चमकले. कूलरच्या वेळची एक उभी फट माझ्या अंगावर होतीच! पेचकसानं तिनं ती रुंद केली आणि ओठापर्यंत चिरत नेली. ज्या फटीतून आयुष्यभर वारा गेला, तिच्यातून आता वायर गेली. कडेला सायकलच्या ट्यूबची पट्टी चिकटवली, फोन घसरू नये म्हणून. स्विचबोर्डखाली शिलाई मशीन ओढलं, मशीनवर मी, माझ्यावर फोन, फोनला चार्जर.

तिनं दोन पावलं मागे जाऊन दोन्ही हात हवेत उचलले. मोकळे! दोन्ही मोकळे! ती जागच्या जागी नाचलीच.

संध्याकाळी कॉल लागला. समोर गजेंद्र. कपाळावर आठ्या, केस चापून बसवलेले. आता यापुढचं त्यांचं बोलणं हातांचं, पण मी ते माझ्या शब्दांत सांगतो. हा गडी एका हातात फोन धरून बोलत होता, त्यामुळे त्याचं बोलणं निम्मंच येत होतं. आकांक्षानं त्याला थांबवलं.

“फोन खाली ठेव. दोन्ही हातांनी बोल.”

त्यानं फोन पाण्याच्या कॅनला टेकवला. फोन घसरला आणि पडद्यावर नुसता छताचा पंखा फिरताना दिसला. पुन्हा टेकवला, पुन्हा पंखा! तिसऱ्यांदा त्याचं नाक तेवढं दिसलं. आकांक्षा पोट धरून हसत होती. शेवटी त्यानं मागे-पुढे दोन डबे लावून फोन अडकवला आणि पहिला प्रश्न काय विचारावा?

“तुझा फोन कशावर उभा आहे?”

माझी चौकशी! पण फोन माझ्यावरच बसलेला, मी त्याला दिसणार कसा? आकांक्षानं भिंतीवरचा आरसा काढून समोर धरला. आरशात मी आलो, अख्खा. मीही स्वतःला त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

गजेंद्रनं डोळे बारीक केले. “स्वतः बनवलंस? कात्रीनं?” त्यानं अंगठा उंचावला, आणि लगेच म्हणाला, “डावी कड वाकडी आहे.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आकांक्षाला मात्र तो खरं बोलला याचीच गंमत वाटली. “कपाटवाल्या, तू ये आणि सरळ कर,” ती म्हणाली.

मग गप्पांना असा पूर आला! शाळा, मास्तर, कारखान्यातली मशीन, शिवणाचे नमुने. ती मशीन सोबत आणणार आणि काम चालू ठेवणार, हे तिनं ठणकावून सांगितलं. त्यानं त्याच्या खोलीतली खिडकी दाखवली. मशीन इथं बसेल, उजेड चांगला येतो. शेवटी आकांक्षा पडद्याजवळ सरकली आणि हळूहळू म्हणाली,

“आपल्या लेकरालाही ऐकू आलं नाही तर?”

गजेंद्रनं विचार केला.

“तर घरात बोलायला एक माणूस वाढेल.”

आकांक्षानं त्या खिडकीची रुंदी विचारली.

दारात नत्थुजी उभे होते. कधीपासून, कोणाला ठाऊक. लेकीचे हात, भुवया, खांदे, सगळं बोलत होतं. ती रागवत होती, चिडवत होती, प्रश्न विचारत होती. असं त्यांनी तिला कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी पार्वताबाईंना हळूच विचारलं,

“काय म्हन्ते वो थे?”

“मले का समजते? लय भरभर बोलून राह्यली.”

नत्थुजी दाराच्या चौकटीला धरून उभे राहिले. “आपली पोरगी एवढी बोलते?” ते म्हणाले. त्या खोलीत त्या वेळी काही न कळणारे ते दोघंच होते.

कॉल संपला. आकांक्षा वळली तर बाप समोर. तिनं मान हलवून होकार सांगितला, तो त्यांना लगेच कळला. पण नत्थुजी गेले नाहीत. त्यांनी स्टूल ओढलं, तिच्यासमोर बसले आणि मातीनं भेगाळलेले आपले दोन्ही हात पुढे केले.

“शिकव मले.”

शब्द तिला ऐकू गेले नाहीत. हात दिसले. तिनं त्यांची बोटं धरली आणि एकेक करून वळवायला सुरुवात केली. पहिली खूण तिनं कोणती शिकवली असेल? ‘हळू.’ हळू बोल, म्हणजे मला कळेल, हे बापाला म्हणता यावं म्हणून.

लग्न थाटात झालं. अकोल्याच्या मांडवात हातांनी बोलणाऱ्यांचा असा मेळा जमला की वाजंत्रीवालेच गोंधळून पाहत राहिले. गजेंद्रनं कारखान्यात एक नवं स्टँड बनवलंय, कडा गोल, रंग निळा. ते अकोल्याला खिडकीत असतं म्हणे. खोटं कशाला बोलू, थोडा हेवा वाटला. आकांक्षानं निघताना मला पुसलं, पिशवीत घालायला उचललं, आणि जुन्या फोनसकट स्विचबोर्डखालच्या फळीवर ठेवलं. इथं माझी जास्त गरज होती.

परवाचीच गोष्ट. संध्याकाळी फोन उजळला. नत्थुजी एकटेच माझ्यासमोर बसले. शेजारच्याची म्हैस कुंपण मोडून शेवंतीत घुसली, ते त्यांना सांगायचं होतं. डोक्यावर दोन बोटांची शिंगं केली, मान डोलवत शेवंती खाल्ली, मग शेजारी झाले आणि काठी घेऊन धावले, मग चिखलात घसरून पडले. दोनदा चुकले, ‘हळू, हळू’ म्हणत तिनं दुरुस्त केलं. तिकडे आकांक्षा इतकी हसली की पडद्याबाहेर गेली. परत आली ती डोळे पुसत.

“आई कुठंय?” तिनं विचारलं.

नत्थुजींनी मागे वळून पाहिलं. घर रिकामं होतं. पार्वताबाई केव्हाच मळ्यात गेल्या होत्या. ते माझ्याकडे वळले, म्हणजे लेकीकडे, आणि थोडे गोंधळून, थोडे ऐटीत हातांनी म्हणाले,

“मी एकटाच बोलत होतो.”

असा मी. कोपऱ्यात थोडा गंज चढतोय, ट्यूबची पट्टी सुटत आलीय. कोणी तेलाचं बोट फिरवलं तर बरं वाटेल, एवढंच मागणं. बाकी मला उचलून ठेवू नका, बाबांनो. फोन वाजायची वेळ झालीय, आणि नत्थुजी हात धुऊन येतच असतील.