ट्रोल्सच्या टेबलावरचा हल्ला

आमच्या नगरपालिकेत ट्रोल्स डॅमगॉर हा डिजिटल सुरक्षेचा प्रमुख. पेन्शनर मंडळींना गोळा करून "भलत्या ठिकाणी क्लिक कराल तर घर गमावून बसाल" असा दम भरणं ही त्याची नोकरीही होती आणि हौसही. माझं टेबल त्याच्या शेजारी. मी पाणीपुरवठ्याचे नकाशे सांभाळते.

आमची टेबलं बटण दाबलं की वर जातात, उभं राहून काम करता यावं म्हणून. आम्ही बाकीचे पाठ धरली की टेबल वर करतो. ट्रोल्स करायचा तो कोणी मोठं माणूस दारात आलं की. फोनवरही मोठं माणूस असलं तरी करायचा.

फेब्रुवारीत त्याच्या कॉम्प्युटरच्या अंगात आलं. मध्येच माउसचा बाण स्क्रीनभर सैरावैरा धावायचा, नको त्या फाइली उघडायच्या आणि मग स्क्रीनच काळी व्हायची. थोड्या वेळाने सगळं जागच्या जागी.

"माउसची बॅटरी बदलून बघ," मी म्हटलं.

"नवाकोरा माउस आहे, इंगर-मारी."

"मग स्क्रीनची वायर मागून घट्ट आहे का बघ. निदान बंद करून चालू तरी कर."

हृदयाच्या डॉक्टरला घरगुती काढा सुचवल्यावर तो जसा बघेल, तसं त्याने माझ्याकडे बघितलं. मग खुर्ची जवळ ओढून हळूच म्हणाला, "हे नेमकं कधी होतं, लक्षात आलंय तुझ्या? परवा नगराध्यक्ष आली तेव्हा. काल कोपनहेगनहून फोन आला तेव्हा. महत्त्वाचं काही असलं की बरोब्बर त्याच वेळी. कोणीतरी बघतंय आपल्याला."

"कोण बघतंय?"

त्याने खिडकीतून पूर्वेकडे नजर टाकली. पूर्वेला ओलुफसेनचा डुकरांचा फार्म आहे, पण त्याचा रोख त्याच्याही पलीकडे, पार सरहद्दीपारच्या शत्रूकडे होता.

कॉम्प्युटरवर हल्ला झाल्याची बातमी वरपर्यंत गेली. आमची नगराध्यक्ष वीबेके हिची निवडणूक तोंडावर आली होती. "आपलं गाव लहान आहे, पण आपण घाबरणार नाही," असं ती टीव्हीवर ठासून बोलली. सगळ्यांचे पासवर्ड बदलले. त्या गोंधळात पाळणाघराची पासवर्डवर चालणारी दारं उघडेनात, तेव्हा आईबाप पोरांना खिडकीतून आत देत होते आणि पोरांना ती फार मोठी गंमत वाटत होती.

शुक्रवारी, आमचा केक खाण्याचा कार्यक्रम चालू असताना, वीबेके स्वतः आली. "दाखव," ती म्हणाली.

ट्रोल्स उठला आणि सवयीने त्याने बटण दाबलं. टेबल घूं करत वर निघालं. बाण धावायला लागला. टेबल पूर्ण वर पोचलं आणि स्क्रीन काळी झाली.

"बघ! आले!" ट्रोल्स ओरडला.

वीबेकेचं लहानपण गाईगुरांत गेलेलं. दूध काढायचं यंत्र अडलं की तीच त्याच्याखाली शिरायची. ती म्हणाली, "खाली घे."

"काय?"

"टेबल रे. खाली घे."

टेबल खाली आलं. स्क्रीन उजळली.

"आता वर."

काळी.

"खाली."

उजळ. माझ्या तोंडात केकचा घास होता. तो गिळायची माझी छाती होईना.

वीबेके टेबलाखाली वाकली. स्क्रीनची वायर तोकडी होती. टेबल वर गेलं की ती ताणून जागेवरून सुटत होती. मग तिने ड्रॉवर उघडला. ज्येष्ठमधाच्या गोळ्यांच्या पुड्यांखाली ट्रोल्सचा जुना बिनवायरचा माउस पडला होता, आणि त्याचं चिमुकलं जोडणीचं टोक अजून कॉम्प्युटरच्या पाठीत खोचलेलं होतं. टेबल हललं की पुड्या त्याच्यावर घसरत होत्या. तो सरकत होता आणि त्याची बटणंही दाबली जात होती.

ट्रोल्सचा चेहरा लाल कोबीसारखा झाला. "मी आत्ताच्या आत्ता टीव्हीवाल्यांना खरं सांगतो," तो म्हणाला. एवढं श्रेय त्याच्या पदरात टाकायलाच हवं.

वीबेकेने शांतपणे ड्रॉवर लावला. "खालीच उभे आहेत ते. जा, सांग."

मी त्याच्यामागून जिना उतरले. त्याने खरंच सांगितलं. "तो माझा जुना माउस होता. ड्रॉवरमध्ये."

"म्हणजे शत्रू घरातच दबा धरून बसला होता!" वार्ताहर बाई म्हणाली.

"नाही हो, माउस. साधा. आणि वायर ताणली जात होती."

"तुम्ही फार नम्र आहात. हल्ला थांबला, हे तरी खरं ना?"

ट्रोल्सने वर बघितलं. वीबेके खिडकीत उभी होती, हाताची घडी घालून.

"थांबला," तो म्हणाला. यात खोटं काहीच नव्हतं.

संध्याकाळच्या बातम्यांत हल्ला परतवला गेला आणि पुढे वीबेके आरामात निवडून आली. ट्रोल्स थोडे दिवस माझी नजर चुकवत होता. मग त्याला गावोगावची भाषणाची आमंत्रणं यायला लागली आणि त्याची मान हळूहळू सरळ झाली.

त्यानंतर मात्र आमच्याकडे साथच आली. कर विभागाचा प्रिंटर अडकला, त्यांनी हल्ला कळवला. शाळा विभागाचा प्रोजेक्टर लुकलुकला, तोही हल्ला. पोहण्याच्या तलावाचं फिरतं दार अडकलं, तेव्हा तिथल्या प्रमुखाने हातातली शिट्टी न सोडता निवेदन केलं. ट्रोल्स प्रत्येक ठिकाणी जायचा, दार लावून घ्यायचा, आत वायर घट्ट करायचा आणि बाहेर येऊन गंभीरपणे सांगायचा, "परतवला."

एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत माझा साहेब एस्किल्ड माझ्यासमोर येऊन बसला. राय धान्याच्या काळ्या पावावरचा हेरिंग मासा त्याने नुसताच काट्याने इकडून तिकडे केला.

"इंगर-मारी," तो शेवटी म्हणाला, "आपल्या विभागात अजून काहीच कसं झालं नाही?"

"सगळं नीट चाललंय म्हणून."

"तसं नव्हे गं. पाणी म्हणजे किती महत्त्वाचं! आणि कोणाला आपल्याकडे ढुंकूनही बघावंसं वाटू नये?"

त्याचा स्वर इतका दुखावलेला होता की मला हसताही येईना. मी म्हटलं, "येतील रे, धीर धर."

त्याच दुपारी त्याच्या खोलीतून किंकाळी ऐकू आली. आम्ही सगळे धावलो. स्क्रीनवर बाण गोल गोल फिरत होता, आणि एस्किल्ड आमच्याकडे असा बघत होता, जणू घरात नातवंड जन्माला आलंय.