माहीत नसल्याचा दाखला

वेधशाळेच्या बाईंची युक्ती अगदी साधी होती. गेल्या वर्षी जे सापडून चुकलंय, तेच यंदा शोधणार म्हणून सरकारी अर्जात लिहायचं. पैसे आले की त्यातून दुसरंच काहीतरी शोधायचं आणि ते पुढच्या अर्जासाठी खणात दडवून ठेवायचं. अकरा वर्षं दिलेला शब्द तंतोतंत पाळला म्हणून वेधशाळेचं केवढं नाव झालं होतं! लबाडी होती का? होती की. पण तारे काय अर्जातल्या तारखा बघून उगवतात?

यंदा मात्र खण रिकामा. एक मंद तारा मधूनच विझल्यासारखा का होतो, याचा वर्षभर पिच्छा पुरवून बाईंच्या हाती भोपळा आला होता. आणि अनुदान नाही मिळालं तर वेधशाळेला कुलूप. 'काय सापडेल?' या रकान्यापाशी बाई तासभर अडून बसल्या, मग वैतागून खरं तेच लिहून मोकळ्या झाल्या. माहीत नाही.

चौथ्या दिवशी अनुदान कार्यालयातला कारकून अर्ज घेऊन दारात हजर.

"बाई, असं नुसतं कसं चालेल? माहीत नाही, तर तसा दाखला जोडा."

"माहीत नसल्याचा? तो कोण देणार?"

"जाणकार. तुमच्याच विषयातला."

असल्या ताऱ्यांतलं कळणारा जाणकार एकच होता. विद्यापीठातले सर. सात वर्षांपूर्वी त्यांनी भर सभेत बाईंच्या निबंधातल्या चुका मोजून दाखवल्या होत्या, तेव्हापासून मेल्याचं तोंड बघायचं नाही असं बाईंनी ठरवलं होतं. पण अडला हरी, गाढवाचे पाय धरी. गेल्या.

"तुम्हाला काही माहीत नाही, असं मी लेखी द्यायचं?" सरांचा चेहरा फुलला. "अहो, आनंदाने! निरीक्षणांची वही तेवढी ठेवून जा. खात्री करायला नको?"

बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. तरी वही ठेवली.

दुसऱ्या दिवशी सरांनी मान वर न करता पाकीट पुढे केलं. डोळे लाल, दाढी तशीच. बाईंनी जिन्यातच ते फोडलं.

'दाखला देण्यात येतो की, अर्जदार बाईंना सदर ताऱ्याबद्दल काहीही माहीत नाही. मलाही नाही. तरी पैसे ताबडतोब द्यावेत. मला झोप लागत नाही.'